परक्यांच्या फोटोतली विमलमावशी

विमलमावशी परक्यांच्या फोटोत घुसते. चुकून नव्हे, ठरवून.

रविवारी भाजे गावच्या लेण्यांच्या पायऱ्यांपाशी एखादं कुटुंब फोटोसाठी उभं राहतं. आजोबांना मध्ये घेतात, बाळाचं नाक पुसतात, सगळे पोट आत ओढतात, आणि ऐन वेळी उजव्या टोकाला हिरवा रेनकोट घातलेली एक बाई येऊन उभी राहते. हसते. फोटो निघतो. "थँक्यू हं, लव्हली फॅमिली," असं म्हणून ती स्वतःचा मोबाईल पुढे करते. "आता ह्याच्यात बी एक काढा." लोक इतके गोंधळतात की मुकाट्यानं काढतात. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत आज विमलमावशी टीव्हीशेजारच्या फ्रेममध्ये उभी असेल आणि नवरा-बायको भांडत असतील, ही तुमच्याकडची की आमच्याकडची?

मला हे मुळीच पसंत नव्हतं. मी स्पष्ट बोलणारी आहे. मी मावळात पत्रकं वाटते. 'डोंगर तुमच्या पार्किंगसाठी नाहीत!' हे पत्रक माझं. उद्गारचिन्हसुद्धा माझंच. सुट्टीच्या दिवशी मळवली स्टेशनपासून भाज्यापर्यंत गाड्यांची रांग लागते, बाळंतिणीला घेऊन निघालेली रिक्षा त्यात अडकते. कुरवंड्याच्या कड्यावर बाटल्या फुटतात, औंढ्याच्या भातखाचरांत चिप्सची पाकिटं तरंगतात. आणि जमिनी विकून बसलेले आमचेच लोक त्याच जमिनीवरच्या बंगल्यांत भांडी घासतात. याविरुद्ध बोलायचं नाही तर कशाविरुद्ध बोलायचं? आणि आमच्याच आळीतली, विहारासमोर राहणारी बाई त्या गर्दीच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढते!

"मावशी, ही फितुरी आहे," मी तिच्या तोंडावर म्हणाले.

"फितुरी कसली? मिंटभर उभी राहाते न् जाते. त्यांच्या डब्यातलं खाते का मी?"

"ते आपला डोंगर खातात!"

"अगं, डोंगर हितंच हाय. फोटो तेवढा नेत्यात बिचारे." मग माझ्या हातातला गठ्ठा ओढून घेत म्हणाली, "आण हिकडं. तुला वाटता येत न्हाई. तू भांडल्यासारखं देतीस."

आणि ती वाटत सुटली. "गुड मॉर्निंग. घ्या हं. तुमच्याविरुद्धच हाय, पण वाचा निवांत." लोक हसून घ्यायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. माझी पत्रकं याआधी थेट गटारात जायची. हा अपमान मी अजून गिळलेला नाही.

मावशी बरीच वर्षं परदेशात होती. स्कॉटलंडात, समुद्राकाठच्या एका गावी, म्हाताऱ्या माणसांच्या घरात नर्स. आठवड्याला एक सुट्टी मिळायची. त्या दिवशी ती बस पकडून कुठंतरी जायची, संध्याकाळपर्यंत परत यायची. आणि तिथून फोटो पाठवायची, आधी पाकिटातून, पुढे मोबाईलवर. आले की तिची आई, भागूआजी, ते विहारात घेऊन यायची आणि आम्ही सगळी पोरं तिच्याभोवती कोंडाळं करायचो.

ते फोटो मला अजून स्वप्नासारखे आठवतात. एका तळ्यावर इतकं धुकं उतरलेलं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. हिरव्या उतारावर मेंढ्या, कापूस पिंजून टाकावा तशा. समुद्रात एकटाच उभा असलेला दीपस्तंभ. छप्पर उडालेला एक किल्ला, त्याच्या खिडकीतून पलीकडचा पाऊस दिसायचा. आम्ही मान वर करून आमच्या विसापूरच्या डोंगराकडं बघायचो, तर तोही धुक्यात अर्धा बुडालेला असायचा. दोन्ही डोंगर आतून एकच असावेत आणि मावशी एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली असावी, असं वाटायचं.

प्रत्येक फोटोत मावशीच्या शेजारी कुणीतरी असायचंच. लाल टोपीतली एक जाडजूड बाई. ती मारिया. दाढीवाला एक राक्षस, तो जॉन. एकदा तर अख्खी लग्नाची वरात, नवरीसकट. "आमच्या विमलला माणसं लय," असं भागूआजी सगळ्यांना सांगायची. आमच्या आळीत कुणाला इतके मित्र नव्हते. परदेशात जाऊन माणूस लोकप्रिय होतो असं माझं तेव्हा पक्कं मत झालं होतं.

आजी थकली तसं मावशी नोकरी सोडून कायमची परत आली. आता ती लोणावळ्यात एका डॉक्टरांकडं कामाला जाते आणि रविवारी, सवय मोडत नाही म्हणून, रेनकोट चढवून सहलीला निघते. कुठं? तर घरापासून हाकेच्या अंतरावर, लेण्यांपाशी! डबा घेते, पाण्याची बाटली घेते, "बाय आई, संध्याकाळला येते," म्हणते. संध्याकाळी आजी विचारते, "आज कोण गावलं?" आणि मावशी मोबाईल दाखवते.

मागच्या श्रावणात एके सकाळी ती माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला.

"आई म्हणती, मारियाला जेवायला बोलाव. पाऊस सरायच्या आत."

"मग बोलाव."

मावशी म्हणाली, "मारिया कोण हाय, मला काय ठाऊक? बसस्टॉपवर उभी व्हती. फोटो काढला, तिची बस आली, गेली."

आम्ही दारातल्या पायऱ्यांवर बसलो होतो. ढग इतका खाली उतरला होता की आमचे स्वतःचेच पाय पुसट दिसत होते. मावशी त्या ढगाकडं बघत बोलत होती. पहिल्या वर्षी तिनं तळ्याचा फोटो पाठवला, एकटीचा. आईचा फोन आला, मला नुसता डोंगर नको, पाणी नको. संगं कोण हाय ते दिसू दे. संगं तर कुणीच नव्हतं. मग ती परक्या माणसांपाशी जाऊन विचारायला लागली, तुमच्याशेजारी जरा उभी राहू का?

"सगळेच? तो जॉन? ती वरात?"

"वरातीनं केक बी दिला. चांगली व्हती माणसं. आईला कळलं की एवढी वर्षं मी तिथं एकलीच व्हते, तर ह्या वयात तिला झेपायचं न्हाई गं. मला एक मारिया शोधून दे."

खोटं बोलणाऱ्यांविरुद्ध मी एक वेगळं पत्रक काढलं आहे. तरीही पुढच्या रविवारी मी, मावळातली पर्यटकांची शत्रू नंबर एक, पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहून गोरं माणूस शोधत होते. दुपारच्या सुमारास एक सापडली. एकटी, पाठीवर पिशवी, कठड्यावर मोबाईल टेकवून स्वतःचा फोटो काढायची धडपड चाललेली. मोबाईल सारखा घसरत होता. मावशी सवयीनं तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. इंग्रजीत काहीतरी कुजबुजली. पोरगी आधी चकित झाली, मग खळखळून हसली. तिचं नाव हाना. तासाभरापुरती मारिया व्हायला ती तयार झाली.

भागूआजीनं तांदळाच्या भाकरी केल्या होत्या, खेकड्यांचा रस्सा केला होता. हानाला समोर बसवून तिनं नीट निरखलं.

"लय बारीक झाली गं मारिया."

"डाएट," मावशी म्हणाली.

"उंची बी वाढली."

"तिकडची थंडी, आई."

पोरगी खाली मान घालून जेवत होती. रश्श्यानं नाक लाल झालं होतं. आजीनं मायेनं विचारलं, "पोरी, तिखट लागलं का गं?"

आणि हाना म्हणाली, "अजिबात नाही आजी, फार छान झालंय."

ही बया पुण्यात शिकायला होती आणि तिथं मराठीचा वर्ग लावून बसली होती! आम्हाला काय माहीत? मावशीच्या हातातला घास वाटेतच थांबला.

"मी शिकवलं तिला!" मावशी जवळजवळ ओरडलीच. "तिकडं असताना. रोज थोडं थोडं."

"व्हय?" आजी म्हणाली. "चांगलं शिकवलंस. पर पुण्याचं शिकवलंस."

जेवणानंतर मावशीनं पोरीला घाईघाईनं डोंगर दाखवायला बाहेर नेलं. मी ताटं गोळा करत होते. आजी भिंतीला टेकली.

"कुठनं धरून आणली?"

मला लपवाछपवी जमत नाही. "पायऱ्यांवरनं," मी म्हणाले. "तिच्या बोलण्यावरनं कळलं ना?"

"बोलण्यावरनं? मला तर पयल्या वर्सापासनं ठावं हाय. एवढं फोटू आलं, त्यातलं एक बी मानूस फिरून दिसलं न्हाई. एकाचा बी हात हिच्या खांद्यावर न्हाई. मी आई हाय का कोण हाय?"

"मग आजी, इतकी वर्षं मागत का राहिलात?"

"न मागून काय करू? सुट्टीच्या दिशी खोलीत भिताडाकडं तोंड करून पडली असती. ल्हानपणापास्नं तशीच ती. फोटूपायी भाईर तर पडायची. कुणाला तरी म्हनायची, जरा उभी ऱ्हाऊ का. तेवढंच एक बोलणं व्हायचं." आजीनं पदरानं हात पुसले. "आता मी किती दिस पुरणार? समदी फोटू काढत्यात न् जात्यात. म्हनलं, एक तरी ताटावर बसू दे. जेवल्यालं मानूस येतंय कदी तरी परत. तिला सांगू नगंस."

तेवढ्यात त्या दोघी आल्या, चिंब भिजून. मावशीनं मला ओटीवर ओढलं.

"कळलं का गं आईला?"

सगळं खरं माझ्या जिभेवर होतं.

"नाही," मी म्हणाले. "मारिया बारीक झाली, एवढंच म्हणत होत्या."

मावशीनं इतका मोठा श्वास सोडला की रेनकोटवरचे थेंब ओघळले. "बघ. उगाच भीत व्हते मी."

आतून भागूआजीची हाक आली. "विमल, त्या पोरीला इचार, फुडल्या ऐतवारी कोंबडी करू का मासं?"

मावशी दचकली. तिनं आत आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हाना ओटीच्या कडेला केस पिळत उभी होती, तिच्या मागं सगळा डोंगर ढगात गेला होता. मावशी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. समोर कुणाचा मोबाईल नव्हता, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते तिला सुचेना.

मग ती हळूच म्हणाली, "येशील?"