परबकाकांचं माप

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या परबकाकांच्या खिशात, इतर माणसं पेन ठेवतात त्या जागी, व्हर्नियर असतो. व्हर्नियर म्हणजे केसाची जाडीसुद्धा पकडणारी पोलादी मोजपट्टी. कारखान्याच्या टूलरूममधून काका निवृत्त झाले, व्हर्नियर झाला नाही. लिफ्टच्या दाराची फट, सेक्रेटरीच्या नोटिशीचा समास, वडापावातला वडा, सगळं ते मोजतात आणि निकाल देतात. एकदा माझ्या मिशीला लावला. "डावी बाजू दीड मिलीमीटर जास्त आसा," म्हणाले. ती सारखी करता करता मी पूर्ण मिशीच घालवून बसलो.

अशा माणसाकडे मी माझं पाप घेऊन गेलो.

पाप असं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोने, मेधाने, मला टायटॅनियमचा सीटपोस्ट दिला. म्हणजे सायकलच्या सीटखालचा, फ्रेमच्या नळीत उतरणारा दांडा. लोक अशा दिवशी घड्याळ मागतात. मी दोन महिने दांडा सुचवत होतो. तिने स्वतःच्या कानातल्यांचं पुढे ढकलून तो मागवला. रविवारी आमचा कंपू सायकलींवरून मनोरीला जाणार होता, तिथे मला तो मिरवायचा होता.

दांडा चार बोटं आत गेला आणि अडला. मी खोबरेल तेल सोडलं. मग सीटवर बसून उड्या मारल्या. मग, मेधा बाजारात गेल्यावर, वरवंट्याने ठोकला. आता तो आतही जाईना, बाहेरही येईना.

काकांनी सायकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वरवंटो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सीटीक लसणीचो वास येता."

"काका, रविवारपर्यंत होईल ना? मेधाला कळता कामा नये."

"घाई कोणाक आसा?" हे त्यांचं पालुपद.

"मला आहे."

"मगे रोज संध्याकाळी एक भाकरी घेवन ये. तांदळाची."

घरी काय सांगायचं? "काका एकटे असतात गं," मी चेहरा पाडून म्हणालो. सुमतीकाकी जाऊन वर्ष झालं होतं, तेव्हा गोष्ट खरी होती. मी मात्र ती थापेसारखी वापरली. मेधा साताऱ्याची, तिचा हात ज्वारीवर बसलेला. तरी तिने तांदळाची उकड काढून भाकरी थापली.

सोमवारी काकांनी सायकल उलटी केली, सीट गुडघ्यांत दाबून धरली आणि मला फ्रेम पिळायला लावली. दांडा किंचाळत बाहेर आला, अंगभर ओरखडे घेऊन. मग हात धुऊन, व्हर्नियर रुमालाने पुसून, काकांनी भाकरी मोजली.

"जाड."

"कशापेक्षा?"

"बरोबर असता त्यापेक्षा."

मंगळवारी त्यांनी काठीला पॉलिश पेपर गुंडाळून नळीच्या आतला रंग आणि वेल्डिंगची कड घासून काढली. भाकरी जाडच. बुधवारी दांडा हातात घेऊन नुसतं पाहिलं. "कडेक पातळ, मधी जाड." हे दांड्याबद्दल की भाकरीबद्दल, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. गुरुवारीही तेच. शुक्रवारी मी मेधाला भीत भीत म्हणालो, "जरा पातळ होईल का?"

"फुकट खातात आणि वर मापं काढतात? उद्या शेवटची. नाही आवडली तर नाक्यावर पोळीभाजी केंद्र आहे म्हणावं."

शनिवारची भाकरी तिने रागाने थापली. पाच घरांना ऐकू गेली असेल.

काकांनी मोजली. परत मोजली. ताट फिरवून तिसऱ्या जागी मोजली. मग माझ्याकडे पाठ करून, उभ्यानेच, कालवणाशिवाय, ती सगळी खाल्ली. शेवटचा घास बराच वेळ चावत होते.

हात धुऊन आले, दांड्याला तांब्याची पेस्ट लावली. "ही नाय लावलंस तर टायटॅनियम लोखंडाक कायमचा चिकाटतला, झिला." आणि एका हाताने दांडा नळीत सोडला. तो सरळ, गुमान, हवा तिथपर्यंत उतरला.

"आज एकदम कसा काय बसला?"

"दांडो मंगळवारीच बसलेलो. भाकरी बसाची होती."

काकांनी व्हर्नियर मिटला.

"चार पॉइंट दोन. सुमती कधी मोजून थापी नाय. मियाच चोरून मोजी. इतक्या वर्षात कधी हलली नाय."

रविवारी मी मनोरीला जाऊन दांडा मिरवला. ओरखडे नळीत गडप झाले होते, मी सहज सुटलो असतो. पण भाकरीचं मेधाला सांगायचं तर दांड्याचंही सांगावं लागणार होतं. सांगितलं, वरवंट्यासकट.

तिने वरवंटा उचलून हुंगला. मग म्हणाली, "वरवंटा धुतलास का?"

सोमवारी संध्याकाळी तिने न सांगता तवा ठेवला. मी खाली जाऊन सीटचा बोल्ट दोन आटे सैल केला आणि भाकरी घेऊन सायकलसकट काकांच्या दारात उभा राहिलो.

"काका, दांडा जरा करकरतोय. उद्यापर्यंत होईल?"

काकांनी सायकलकडे पाहिलंच नाही.

"घाई कोणाक आसा?" म्हणाले, आणि खिशात हात घातला.