खलफान अडकत नसतो

खलफानची गाडी वाळूत रुतलेली नव्हती. ती फक्त चारही चाकांनी वाळूत शिरून पोटावर विसावली होती आणि पुढे किंवा मागे जायला राजी नव्हती. याला रुतणं म्हणायचं की नाही, यावर गाडीतल्या तिघांत मतभेद होते.

"मी म्हटलं होतं, वाळूत शिरायच्या आधी चाकांतली हवा कमी कर," मुसब्बह म्हणाला.

"हवा काढायची ती नवशिक्यांनी! माझ्या आजोबांनी कधी हवा काढली होती का?"

"तुझ्या आजोबांकडे उंट होता."

थानी तिघांत शांत. त्याने खिशातून फोन काढला. "बुत्तीचा तळ जवळच आहे. बोलावू?"

"फोन ठेव खाली!" खलफान असा ओरडला, की थानीच्या हातून तो पडलाच.

बुत्ती म्हणजे खलफानचा सख्खा मेहुणा. गेल्या महिन्यात त्याची गाडी रुतली, तेव्हा खलफानने ती दोर लावून ओढली. एवढ्यावर थांबला असता तर पुण्य लागलं असतं. पण त्याने त्याचा व्हिडिओ केला, त्याला लग्नातलं गाणं जोडलं आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवला. आता आपल्याला कोणी दोर लावलाच, तर ती बातमी सूर्य मावळायच्या आत बायकोच्या माहेरी पोहोचणार, हे खलफानला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात समोरच्या टेकाडावर एक गाडी उभी राहिली. खिडकीतून एका पोक्त माणसाने डोकं बाहेर काढलं. "काय रे पोरांनो, मदत हवी का?"

मुसब्बहने तोंड उघडलं, पण खलफान आधी बोलला. "मदत? छे हो काका! आम्ही मुद्दाम बसलोय इथे. हवा छान आहे. या ना, कॉफी घ्या!"

एका बाजूची चाकं झाकतील असा त्याने घाईघाईने गालिचा पसरला. उतार एवढा होता, की खजुराची ताटली ठेवली की चालू लागे. काकांचं नाव हुमैद. ते आले, टेकले, तीन पेले कॉफी प्यायले, चौथ्याला पेला हलवून पुरे म्हणाले. त्यांच्या गाडीच्या मागे नवाकोरा जाड दोर गुंडाळून ठेवलेला होता. थानी त्याच्याकडे असा बघत होता, जसा उपाशी माणूस बिर्याणीकडे बघतो.

"जागा छान निवडलीत," जाताना काका म्हणाले. "अशी जागा सहजी सुटत नाही."

थोड्या वेळाने दोन गाड्या आल्या. "मदत हवी का?"

"छे! या, बसा!" आता खलफानला माघार नव्हती. आलेल्यांना नुसत्या कॉफीवर कसं पाठवणार? रात्रीसाठी मसाला लावून ठेवलेली कोंबडी शेगडीवर चढली. तिच्या वासावर आणखी गाड्या आल्या. काकाही परत आले, यावेळी दोन जावई घेऊन. प्रत्येक जण लांबून तोच प्रश्न विचारी, खलफान तेच उत्तर देई, आणि पाहुणे जणू याच उत्तरासाठी आल्यासारखे पटापट चपला काढून बसत. भात संपला, खजूर संपले. भोवती दोरांचं दुकान लागलं होतं आणि यजमानाला त्यातला एकही मागायची सोय नव्हती.

"मी मागतो," थानी कुजबुजला.

"मागून तर बघ! आयुष्यात तोंड बघणार नाही तुझं."

"इथेच राहिलो तर तसंही दुसरं कोणाचं दिसणार नाही."

ऊन कलल्यावर बुत्ती आला. खलफानचा चेहरा उतरला.

"भाऊजी, एवढी जेवणावळ घातलीत आणि मला बोलावणं नाही?"

"तुला... कोणी सांगितलं?"

"हुमैदकाकांनी. सकाळपासून सगळ्यांना फोन करताहेत. म्हणाले, एक गाडी पोटापर्यंत गेलीय, मालक कबूल करत नाही, पण कोंबडी झकास आहे. संपायच्या आत जा."

जावई कोंबडीचं हाड चोखत आकाशाकडे बघू लागले.

"अरे, यजमानाच्या तोंडावर कसं म्हणायचं, तू अडकलायस म्हणून?" काका ओशाळून म्हणाले. "आम्ही विचारत होतो ना दर वेळी!"

खलफानने मान खाली घातली. "बुत्ती, दोर लाव रे बाबा."

"लावतो की. माझ्या भाऊजींसाठी जीव देईन." बुत्तीने सावकाश चपला काढल्या आणि तो गालिच्यावर मांडी घालून बसला. "पण आधी कॉफी. मेहुणा पहिल्यांदाच तुमच्या पंगतीला आला आणि कोरडाच कामाला लागला, हे लोकांत बरं दिसेल का? तुमचीच अब्रू जाईल."

थानीने किटली उलटी केली. एक थेंब पडला, तोही वाळूत.

मग ज्या माणसाने दिवसभर एक दोर मागितला नाही, तो हातात रिकामी किटली घेऊन प्रत्येक पाहुण्यापुढे वाकून मूठभर कॉफी मागत हिंडला.

दोराने गाडी निघाली ती दोन मिनिटांत. तिचा व्हिडिओ बुत्तीने केलाच नाही. त्याने किटलीचा केला. गाणं तेच लावलं.