लांजेवार पडतात

लांजेवारांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या पायाशी पडले होते.

पुण्याहून भोपाळला बदली होऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं होतं, सामान अजून खोक्यांतच होतं, आणि मी सकाळी दुधाची किटली घेऊन फाटक उघडत होतो. समोरून एक उंच, किडकिडीत, भरघोस मिशांचे गृहस्थ आले. मी नमस्कार करायला गेलो. त्यांनी दोन्ही हात हवेत फेकले, "हाऽऽ" अशी आरोळी ठोकली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि धाडकन रस्त्यावर आडवे झाले. माझ्या हातातली किटली सुटली.

"नलू, पाणी आण!" मी बायकोला हाक मारली. नलू तांब्या घेऊन धावत आली. तेवढ्यात त्या गृहस्थांनी एक डोळा उघडला.

"कसं वाटलं?"

"काय कसं वाटलं?"

"पडणं हो. कमरेतून गेलं का खांद्यातून? खरं सांगा, भीड नको."

"कमरेतून," मी म्हणालो. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं म्हणून.

"तिथंच चुकतंय!" ते कपडे झटकत उठले. "खांद्यातून जायला पाहिजे. मी लांजेवार, तुमच्या बाजूलाच राहतो. तुमचं दूध सांडलं ना, आमच्या माईकडून घेऊन जा. आणि वहिनी, ते पाणी आणलंच आहे तर द्या."

असे हे लांजेवार. मूळचे नागपूरचे. पंचेचाळिशी उलटलेले, अविवाहित. कारखान्यात ते माल रवाना करायच्या विभागात होते. दिवसभर मोठमोठ्या यंत्रांच्या लाकडी पेट्यांवर 'सांभाळून उतरवा', 'आपटू नका' असं रंगवून घ्यायचं हे त्यांचं काम. आणि पाच वाजले की हा माणूस स्वतःला आपटायला मोकळा!

या सगळ्याच्या मुळाशी होते कराटेचे हिंदी पिक्चर. त्यातही विनोदी. म्हणजे हिरो लुंगीत हवेत उडतो, व्हिलनच्या टकलावर तबला वाजवतो, आणि गोदामात वीस गुंड आपापला नंबर येईपर्यंत शिस्तीत उभे राहतात, त्या जातीचे. भोपाळच्या कुठल्याही टॉकीजला असला पिक्चर लागला की लांजेवार हजर. पण हिरोकडे ते ढुंकूनही पाहत नसत.

"हिरो काय करतो हो? नुसते हात हलवतो," ते मला समजावत. "तो हात हलवतो आणि चार माणसं खिडकीतून बाहेर जातात. आता सांगा, मेहनत कोणाची? पिक्चर पडणारे लोक चालवतात."

पडणाऱ्यांची त्यांना नावं माहीत नसत, म्हणून त्यांनी स्वतःच नावं पाडली होती. लाल बनियन. चपटा. मामा. पिक्चर पाहून आले की अंगणात उभ्या उभ्या अहवाल मिळायचा. "लाल बनियनला सर्दी असावी. उशिरा पडला. मामा मात्र काय पडला! जिन्यावरून पडला, पण एक पायरी सोडली नाही."

माई म्हणजे त्यांची आई. पंच्याहत्तरीच्या घरातल्या, ठेंगण्या, तोंडाने खणखणीत. डोळ्यांनी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण व्हरांड्यातल्या खाटेवर बसून त्या गल्लीचा कारभार कानांनी पाहायच्या. संध्याकाळी लांजेवारांचा सराव त्याच अंगणात चाले. गादी घालून नव्हे, गादी म्हणजे त्यांच्या मते बेइमानी. धप्प आवाज आला की माई खाटेवरून निकाल सांगायच्या.

"आज पोत्यावानी पडला रे गजू."

"आत्ताचा, माई?"

"हा बरा होता. पण मधात थांबला काहून?"

लांजेवार मान हलवून पुन्हा पडत.

वसाहतीच्या क्लबात एकदा कराटेचा वर्ग निघाला. लांजेवारांनी नाव घातलं. पांढरा पोशाख हवा होता, तो त्यांनी पलंगपोसाचा शिवून घेतला, त्यामुळे पाठीवर फिकट गुलाबाचे दोन गुच्छ आले. पहिले काही दिवस त्यांनी मुकाट्याने ठोसे मारले. मग न राहवून शिक्षकाला विचारलं, "सर, ये मारना कब खत्म होगा? गिरना कब से है?" शिक्षक म्हणाले, गिरना नहीं है, उसी के लिए तो सीख रहे हैं. लांजेवार त्याच दिवशी वर्ग सोडून आले. "अर्धवट विद्या आहे," म्हणाले.

या नादाचा एकदा कारखान्यातही स्फोट झाला. मोठे साहेब पाहणीला आले होते. लांजेवारांच्या विभागातून जाताना त्यांनी आपुलकीने मागून खांद्यावर थाप मारली, "कैसे हो, लांजेवार?" आणि लांजेवार गेले! दोन पेट्यांमधून गिरकी घेत, जमिनीवर लोळत, रंगाच्या डब्यापाशी जाऊन निपचित. साहेब पांढरेफटक. कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली. लांजेवार उठून परोपरीने सांगत होते की सवय आहे हो साहेब, पण त्यांना झोपवूनच नेलं. त्यानंतर मोठ्या साहेबांनी कोणाच्याही खांद्यावर हात ठेवल्याचं मी पाहिलं नाही. लांब उभे राहून ते हात जोडत.

"तुम्ही लग्न का नाही केलं?" नलूने एकदा त्यांना सरळच विचारलं.

"पाहायला गेलो होतो एक मुलगी. तुलसी नगरात, सचिवालयातल्या एका बाबूची. चांगली होती हो, मलाही पसंत होती."

"मग?"

"तिच्या वडिलांनी विचारलं, काही छंद वगैरे?" लांजेवार मिशीवरून हात फिरवत अंगणाकडे पाहू लागले. नलूनेही पुढे विचारलं नाही. त्या गृहस्थांच्या बैठकीत काय झालं असेल ते आम्हाला दिसलंच.

आणि मग एके दिवशी खरोखरीचा पिक्चर आमच्या दारात आला. मुंबईहून एक मंडळी कराटेचा विनोदी पिक्चर काढायला भोपाळला आली. दोन दिवस त्यांनी बडा तलावावर नायिकेला होडीत बसवलं आणि मारामारीसाठी आमच्या वसाहतीच्या टोकाचं, अयोध्या नगरच्या बाजूचं जुनं गोदाम पसंत केलं. गुंड कमी पडत होते, म्हणून फाइट मास्टर क्लबात आले. गळ्यात शिट्टी, पुढे पोट, आवाज भोंग्यासारखा.

"गिरना किसको आता है?" त्यांनी विचारलं.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत लांजेवार पडले होते.

मास्टर वाकून बघत राहिले. "फिर से," म्हणाले. लांजेवार पुन्हा पडले. या वेळी खुर्चीवरून. मास्टरांनी शिट्टी फुंकली. झालं, निवड झाली. हिरो लाथ मारणार, लांजेवार उडून टोमॅटोच्या हातगाडीत पडणार, असं ठरलं. हातगाडी आमच्या भाजीवाल्या सलीमभाईंची.

लांजेवारांनी हक्काची रजा टाकली. आठवडाभर पोह्यांबरोबर जलेबी बंद, वजन वाढू नये म्हणून. मुळात त्यांच्या अंगावर वजन होतंच कुठे!

शूटिंगला अख्खी वसाहत लोटली. काळी बंडी, कपाळाला लाल फडकं आणि भरघोस मिशा अशा थाटात लांजेवार आले तेव्हा शिट्ट्या वाजल्या. कॅमेरा सुरू झाला. हिरोने पाय उचलला, आणि लांजेवार गाडीत जाऊन पडलेसुद्धा. पाय अजून हवेतच होता.

"चाचा!" मास्टर ओरडले. "पहले लात तो आने दो!"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. टोमॅटो बदलले. तिसऱ्यांदाही लांजेवार आधीच पोचले. हिरो चिडला.

"ये आदमी मेरे से पहले क्यों गिर रहा है?"

"आप देर से मार रहे हैं," लांजेवारांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं. "आपका टाइम कमर में अटकता है. कंधे से निकालिए."

हिरो जाऊन छत्रीखाली बसला. त्याची समजूत काढायला मास्टरांना दोन थंड बाटल्या आणि बरीच गोड भाषा खर्च करावी लागली. मग त्यांनी लांजेवारांना बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवायला गेले (मी ओरडलो, "नको!") आणि म्हणाले, "चाचा, बस एक बार. उसके लिए नहीं, मेरे लिए."

आणि काय सांगू! हिरोची लाथ आली. लांजेवार जमिनीवरून सुटले, पिळलेल्या टॉवेलसारखे हवेत फिरले, खांद्यातून, अगदी खांद्यातून गेले आणि टोमॅटोंत असे उतरले की लाल कारंजंच उडालं. एवढ्यावर भागलं असतं. पण त्या धक्क्याने हातगाडी सुटली. उतार वसाहतीकडे होता. गाडी निघाली, आत लांजेवार, मागे सलीमभाई.

"को खां!" सलीमभाई धावता धावता अस्सल भोपाळीत ओरडत होते. "मेरा ठेला कां ले जा रिये हो?"

बसस्टॉपच्या कठड्याला टेकून गाडी थांबली. टोमॅटोत माखलेले लांजेवार उभे राहिले आणि त्यांनी बसची वाट पाहणाऱ्या लोकांना वाकून नमस्कार केला. मास्टर धापा टाकत आले आणि त्यांनी तशाच ओल्याचिंब लांजेवारांना मिठी मारली. "चाचा, बंबई चलो. जिंदगी भर गिराऊंगा तुमको."

"घर में माई हैं," लांजेवार म्हणाले. एवढंच. आणि सलीमभाईंबरोबर उरलेले टोमॅटो वेचायला बसले.

पिक्चर यायला बरेच महिने लागले. तोवर ही हकिगत वसाहतीत इतकी सांगून झाली की ज्यांनी ती पाहिली नव्हती तेही साक्ष देऊ लागले. माई तर दारावर येणाऱ्या पोस्टमनलाही थांबवून सांगायच्या. शेवटी न्यू मार्केटकडच्या एका टॉकीजला पिक्चर लागला. रविवारी दुपारच्या खेळाला आमची गल्ली मिनीबस करून गेली. जन्मात कधी टॉकीजची पायरी न चढलेल्या माई महेश्वरी साडी नेसून निघाल्या. त्यांच्या एका बाजूला लांजेवार, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या पलीकडे नलू.

हिरो धोबी होता. घाटावर कपडे आपटता आपटता त्याला कराटे येऊ लागतं, अशी गोष्ट. आम्ही हसत होतो, पण सगळ्यांचं लक्ष गोदामाकडे लागलेलं. मध्यंतरानंतर ते आलं. आमचं गोदाम, आमची पाण्याची टाकी! गल्लीने शिट्ट्या मारल्या. गुंड एकेक करून पडू लागले. कोपऱ्यात सलीमभाईंची हातगाडी दिसली, टोमॅटोंनी भरलेली. हिरो वळला, त्याने पाय उचलला, आणि पडद्यावर एकदम बर्फाचे डोंगर आले. हिरो आणि नायिका हातात हात घालून गाणं म्हणू लागले.

कापलं होतं. लाथ, लांजेवार, कारंजं, सगळंच.

आमच्या रांगेतली शिट्टी अर्ध्यावर विझली. कोणी कोणाकडे पाहिना. लांजेवार समोर बघत ताठ बसले होते. बर्फाचा पांढरा उजेड त्यांच्या मिशांवर पडला होता.

"आला काय रे तू?" माईंनी विचारलं. "गाणं काहून सुरू झालं?"

नायिका बर्फावरून घसरत खाली आली. मग लांजेवार आईच्या कानाशी वाकले.

"गाणं मागे चालू आहे, माई. पुढे मारामारी. हे बघ, आता मी डावीकडून आलो."

"अंगात काय हाय?"

"काळी बंडी. आता हिरो वळला. पाय उचलला त्यानं. मी थांबलोय, घाई केलेली नाही. आली लाथ! मी सुटलो माई, वर गेलो. फिरतोय. खांद्यातून चाललोय."

आवाज जरा मोठा झाला होता, रांगभर ऐकू जात होता. मला काय झालं कोण जाणे, मी जोरजोरात टाळ्या वाजवायला लागलो. "अगं बाई, काय पडले हो!" नलू ओरडली. पाठोपाठ गल्ली उठली. टाळ्या, शिट्ट्या, सलीमभाईंच्या नावाचा पुकारा.

"अबे, गाने पे काहे की ताली?" मागून कोणीतरी खेकसलं. त्याला आमच्यातल्या चौघांनी खाली बसवलं.

"पडला?" माईंनी विचारलं. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"पडलो, माई. गाडीत. टोमॅटो उडाले. लोक बघ कसे टाळ्या वाजवताहेत."

माईंनी अंधारात हात पुढे करून मुलाचा दंड शोधला. तिथून हात सरकवत कोपरापर्यंत आणला.

"लागलं काय रे तुले?"

टाळ्या ओसरत होत्या.

"हो, माई," लांजेवार म्हणाले. "थोडं लागलं."

माई त्यांचं कोपर चोळू लागल्या. गाणं संपलं, मारामारी पुन्हा सुरू झाली, व्हिलनही पकडला गेला. माई चोळतच होत्या, आणि लांजेवारांनी हात मागे घेतला नाही.