तारळेकर सरांचे इंग्रज

तारळेकर सरांनी साताऱ्यात एका बैलाला सहाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता ऐकवली, ही गोष्ट खरी आहे. मी तिथे होतो. बैल आडवा पाडून त्याचे चारही पाय बांधलेले होते, त्यामुळे त्याला उठून जाता आलं नाही. सरांना खरं म्हणजे कविता ऐकवायची होती ती बैलाला पत्री म्हणजे नाल मारणाऱ्या शामू लोहाराला. शामू खुरावर हातोडी चालवत होता आणि सर त्याच्या शेजारी उकिडवे बसून लोहाराचं कडवं वाचत होते.

"लोहाराने खिळे ओठांत धरले आणि त्या भरल्या तोंडाने घोड्याला गोष्ट सांगितली."

शामूच्या ओठांतही तीन खिळे होते. ते त्याने काढून हातात घेतले. "मंग?"

"पास," सर माझ्याकडे वळून म्हणाले आणि पिशवीतून एक कंदी पेढा काढून त्यांनी शामूच्या हातावर ठेवला.

तारळेकर सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मी रसायनशास्त्र. आमची घरंही भिंतीला भिंत लागून. कवितेशी माझा संबंध म्हणाल तर दहावीला ती पाठ केली आणि अकरावीला विसरलो, एवढाच. पण माझ्याकडे स्कूटर होती आणि सरांकडे नव्हती, म्हणून मराठी साहित्याच्या सेवेत मी ओढला गेलो.

सरांचा तो कवी कुणी फार जुना इंग्रज होता आणि सर त्याची कविता मराठीत आणत होते. त्याची भाषा आजच्या इंग्रजालासुद्धा सरळ वाचता येत नाही म्हणे. मी एकदा मूळ कवितेची झेरॉक्स पाहिली आणि मला फार बरं वाटलं, कारण पहिल्यांदाच इंग्रजीपुढे मी आणि इंग्रज एका रांगेत उभे होतो. कवितेची हकिगत मात्र साधी आहे. कडक थंडीत नदी गोठते, पाणचक्की बंद पडते. मग गावातले कारागीर आणि एक शिपाई दळणवाल्याच्या शेकोटीभोवती बसतात आणि एकेक जण आपापलं गाऱ्हाणं सांगतो.

सर कवीचं नाव कधी घेत नसत. "आमचे इंग्रज" म्हणत. "आमचे इंग्रज आज सकाळपासून अडून बसलेत." "आमच्या इंग्रजांना आज कुंभारवाड्यात न्यायचंय, चला." माझ्या बायकोला महिनाभर वाटत होतं की सरांनी वरच्या खोलीत भाडेकरू ठेवलाय. आपण एकदा त्यांना जेवायला बोलवू या, असंही ती म्हणाली होती.

सरांचा नियम एकच. "कोशाला विचारू नका. ज्याचा धंदा, त्याला विचारा." लोहाराचं कडवं लोहारापुढे वाचायचं, कुंभाराचं कुंभारापुढे. ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवून 'मंग?' विचारलं, तर ओळ पास. 'छान आहे' म्हणाला, तर नापास. छान म्हणाला याचा अर्थ त्याला कळलेलं नाही आणि तो सुशिक्षित माणसाचा मान राखतोय, असं सरांचं मत होतं. शाहूपुरीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी शिपायाचं कडवं ताठ बसून ऐकलं आणि "फार छान, फार छान" असं दोनदा म्हटलं. सरांनी घरी येऊन चाळीस ओळी फाडल्या.

एके दिवशी सकाळी सहाला अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून सर माझ्या दारात उभे. काखेत पिशवी. कुणाचं तरी बरंवाईट झालं असावं म्हणून मी चपला शोधू लागलो.

"सापडलं. रिकामं जातं फिरतं ना, त्याच्या आवाजाला शब्द सापडला. गिरणीवाला म्हणाला, 'जातं दात खातंय.' दात खातंय. आमच्या इंग्रजांनी अगदी हेच लिवलंय, गड्या. सहाशे वर्षं झाली."

सर आनंदले की त्यांची प्रमाण मराठी गळून पडे. एरवी वर्गात ते इतकं शुद्ध बोलत की मुलं घाबरत. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो साबणासकट प्यायला.

हे सगळं अकरा वर्षं चाललं होतं आणि ९५-९६च्या सुमारास एकाएकी त्याला घाई सुटली. एका आठवड्यात ते मला तीन तीन ठिकाणी पळवू लागले. मी म्हटलं, "सर, कवी सहाशे वर्षं थांबलाय, आणखी सहा महिने थांबेल. घोडं कुठे अडलंय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील, तात्या, सांगलीजवळ माधवनगरला सरांच्या धाकट्या भावाकडे असत. चाळीस वर्षं कापडगिरणीत मागावर उभे राहिलेले. डावा कान केव्हाच गेला होता. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजवाही फार दिवस साथ देणार नाही.

"मला नोकरी लागली तेव्हा तात्यांनी विचारलं हुतं, काय शिकवतोस रं? मी म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं. त्यांनी परत कधी विचारलं नाही." सर थोडा वेळ स्कूटरचा आरसा पुसत राहिले. "त्यांचा कान हाय तवर एकदा ऐकवायचंय. आणि त्यांना कळलं पायजे."

त्यानंतर मी थट्टा बंद केली. पेट्रोलही माझंच घालू लागलो.

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही सांगलीची एसटी धरली. भडंग आणायचं म्हणून मी निघालोय, असं घरी सांगितलं होतं. सर कराडपर्यंत वहीत डोकं घालून बसले. पुढे मात्र असे बोलत सुटले की कंडक्टरने येऊन विचारलं, साहेबांना बरं वाटत नाही का.

तात्या सोप्यावर खाटेवर बसले होते. वाळलेल्या शेंगेसारखे, डोळे मात्र लख्ख. सरांनी उजव्या बाजूला स्टूल ओढलं आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने वाचायला सुरुवात केली. इतक्या मोठ्याने, की समोरच्या घरातल्या बाईने दळण टाकायला निघता निघता डबा खाली ठेवला.

लोहार झाला. कुंभार झाला. तात्यांनी मान हलवली. "छान हाय," ते म्हणाले.

'छान' हा शब्द ऐकून कुणाचा चेहरा इतका उतरलेला मी पाहिला नाही. अकरा वर्षं, शेकडो पेढे आणि निकाल नापास. सरांनी पान उलटलं. राहिला होता फक्त विणकर. तो सरांनी अजून कुणापुढेही वाचला नव्हता, तात्यांसाठी ठेवला होता. आवाज बसत चालला होता तरी ते वाचू लागले.

"विणकर म्हणाला, थंडीने माझा माग थिजला. मी मागापुढे उभा आहे, गळ्यात चिंध्या लोंबताहेत..."

"चिंध्या कशापायी?" तात्या म्हणाले.

"गरीब हुता त्यो, तात्या."

"गरीब आसंल. पर मागावर चिंध्या घालून कोण उभा ऱ्हातंय? मागात गुतली तर मान जाईल. चिंधी तुटत न्हाई, सूत तुटतंय." त्यांनी हात गळ्याकडे नेला. "ते जोडायचं सूत आसंल. कापडाचं थान कापून घेतलं की मागं सुताचं तुकडं उरत्यात, ते गळ्यात आडकवायचं. ताण्याचा उभा धागा तुटला की त्यातला एक वडायचा आन् गाठ मारायची. हात मोकळं ऱ्हात्यात. आमी समदीच घालत हुतो."

सरांनी पिशवी उपडी केली. झेरॉक्स, वह्या, उरलेले पेढे, सगळं खाटेवर. मूळ ओळ काढली, कोशाच्या टिपणांची वही काढली. बोटाखालची ओळ त्यांनी मला दाखवली. कापड कापल्यावर मागावर उरलेले धाग्यांचे तुकडे. कोशात सरळ तेच लिहिलं होतं. सरांनी त्यात गरिबी पाहिली होती, चिंध्या केल्या होत्या आणि खाली मध्ययुगीन दारिद्र्यावर दीड पानाची टीप जोडली होती. वीस वर्षं वर्गात तसंच शिकवलंही होतं.

"तात्या, तुमी बरोबर हाय," सर ओरडले. "आमच्या इंग्रजांनी बरोबर लिवलंय आन् मी चुकलोय. सगळे चुकल्यात, आवं, पुण्या-मुंबैचे मोठे मोठे प्राध्यापक चुकल्यात." ते उठले, बसले, पुन्हा उठले. समोरची बाई दारातून आत आली. मीसुद्धा उभा राहिलो होतो, का ते मला सांगता येणार नाही.

"मंग?" तात्या म्हणाले. "त्या माणसाचं काय झालं फुडं?"

पण सर वाचेनात. ते हळूहळू स्टुलावर टेकले आणि तात्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. मग कानाशी वाकले. या वेळी आवाज मोठा नव्हता, तरी मला ऐकू आलं.

"तात्या, तुमी शाळेत मला न्यायला यायचा. तवा मी म्हणायचो, गळ्यातल्या चिंध्या काढून येत जावा. पोरं हसत्यात."

तात्यांना ते ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"काढूनच यायचो की," ते म्हणाले. "फाटकाभायेर खिशात घालायचो. एकदा तसाच आलो तर तू दोन दिस बोलला न्हाईस." आणि हसले. त्या हसण्यात राग नव्हता, हेच सरांना सोसलं नाही.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. असं काही सांगायला मला कुणी उरलं नव्हतं आणि कुणाकडून असं ऐकायलाही. त्या क्षणी मला तारळेकर सरांचा खराखुरा हेवा वाटला.

सरांच्या हातातले कागद मी घेतले. आयुष्यात मी कविता मोठ्याने वाचली ती ही एकदाच. चिंध्यांच्या जागी मी 'जोडायचं सूत' म्हटलं आणि पुढे वाचत गेलो, विणकराचा माग थंडीत कसा अडला, शेजाऱ्यांनी आपल्या शेकोट्या आणून त्याच्या घरात कशा पेटवल्या. तात्या उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होते. आणि सर, सगळ्या कॉलेजला घाबरवणारे आमचे सर, वडिलांच्या खांद्यावर कपाळ टेकून मुकाट बसले होते. तात्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि मला खूण केली, वाचा तुमी.