बनी पार्क मुक्कामी जाहलेला जांभईचा संग्राम

श्रीकृपेकरून जे घडले ते यथास्थित लिहिले असे. प्रातःकाळी बनी पार्कावर ऊन उतरले, ते कोणास घाई नाही ऐशा चालीने उतरले. आधी पाण्याच्या टाक्यांवर बसले, मग कडुनिंबाच्या शेंड्यांतून गळत गळत गच्चीवरील ओल्या चादरींस शिवले, आणि मग राजश्री आप्पासाहेब, माजी सुभेदार, यांच्या दिवाणखान्यात शिरून पोह्यांच्या बशांवर निमूट विसावले. ऐशा मऊ उन्हात थोरथोर वीर पेंगुळले आहेत. त्याच समयी रेल्वेच्या बदलीने जयपुरास आलेले निलयराव, मातोश्री विजयमालाबाईंसह, आप्पासाहेबांची कन्या अनुश्री हीस पाहण्यास दाखल जाहले. वाटेतच त्यांनी मातोश्रींस कळविले होते कीं, आपणांस या मसलतीत रस नाही, नकार आल्यास तोही गोड मानू.

त्या घरचे फर्मान मात्र कडक. आप्पासाहेब पाहुण्यांस आपल्या पलटणीचा समग्र इतिहास ऐकवीत, आणि मध्ये जो जांभई देई तो बाद. चौमूंचे एक तालेवार स्थळ याच मैदानी गारद होऊन, कचोरी खाऊन, परतले होते.

इतिहास सुरू जाहला. पलटण पहिला घाट चढते न चढते तों जांभईने निलयरावांच्या जबड्याखाली मोर्चे बांधिले. त्यांनी दात आवळिले, आणि नाकपुड्या ताणिल्या, आणि डोळ्यांस पाणी आले, तरी ओठांचा दरवाजा उघडू दिला नाही. आप्पासाहेबांस वाटले, श्रोता गहिवरला. गड राखिलाच होता, तों घात घरातूनच जाहला. जांभई देणाराच्या तोंडासमोर चुटकी वाजवावी, हा विजयमालाबाईंचा वडिलोपार्जित शिरस्ता. लेकराचे गाल फुगलेले पाहताच त्यांचा हात आपोआप उठला आणि भर बैठकीत चुटकी कडाडली.

"आई गं!" निलयराव कळवळले, आणि उघडल्या दरवाजातून जांभई सर्व सरंजामासह बाहेर पडली.

आप्पासाहेबांनी चष्मा काढिला.

"कंटाळलात?"

"नाही, काका. रात्री झोप झाली नाही."

"अहो, झोपेची जांभई मला शिकवता?"

मग त्यांनी फर्माविले कीं, विमानातून उडी घेण्याआधी आमची अवघी पलटण जांभया देत असे. एकही गडी कंटाळलेला नव्हता. छातीत धडधड मावेनाशी जाहली म्हणजे ती ऐशीही वाट काढिते. चौमूंकर तक्क्यास रेलून जांभया देत होते. हे ताठ बसून देतात. सबब बाद करण्यास कारण नाही. इतुके बोलून हुजुरांनीच प्रचंड जांभई दिधली.

"बाबा, मतलब, आता तुम्हीपण बाद?" इतका वेळ कचोरीचा चुरा करीत बसलेल्या अनुश्रीबाई वदल्या, आणि हसता हसता त्यांसही जांभई आली. ती पुरी करून त्यांनी निलयरावांस विचारिले, "रविवारी कानोत्याच्या धरणावर येता? तिथे इतिहास नाही, नुसतं पाणी आहे. हवं तर झोपा काढा."

"येतो," निलयराव म्हणाले, आणि कान लाल जाहले.

येणेप्रमाणे बनी पार्क फत्ते जाहले, कानोत्याची सनद हाती आली, आणि मातोश्रींनी उरले पोहे संपवून विजय साजरा केला. हे वर्तमान दरबारी रुजू असो. एक कलम तेवढे मांडावयाचे राहिले, जे खुद्द विजयी वीराने परतताना रिक्षातही कबूल केले नाही.

आदल्या रात्री त्यांस उत्तम झोप लागली होती. अनुश्री नाही म्हणेल, ही भीती वाटत होती.