बारा साचे आणि कोठीची किल्ली

माणूस समोर आला की तीन मिनिटांत मी त्याचा स्वभाव सांगतो. सांगत होतो म्हणा! कोमलच्या लग्नाच्या दिवशी दुपारी बारा वीसपर्यंत सांगत होतो.

त्याचं असं झालं. मी हिंगोलीत एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे. कंपनीने आम्हाला दोन दिवसांच्या शिबिराला बसवलं. विषय होता 'माणसाच्या स्वभावाचे बारा साचे'. जगातला कुठलाही माणूस घ्या, तो बारापैकी एका साच्यात बसतोच, असं शिकवणारे सर म्हणाले. राजा, योद्धा, ऋषी, भटक्या, मायाळू, विदूषक, रखवालदार वगैरे वगैरे. बारा प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायचा, बेरीज करायची, की साचा तयार! बाकीचे लोक जेवणानंतर डुलक्या घेत होते, मी मात्र वहीभर लिहून घेतलं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, ते घरी गणपतीच्या फोटोशेजारी लावलं. माझा स्वतःचा साचा राजा निघाला, हे सांगायची खरं तर गरज नाही.

आणि पंधरा दिवसांवर आमच्या गावी, डोंगरकड्याला, पुतणीचं म्हणजे कोमलचं लग्न! थोरले बंधू अमृतराव, म्हणजे आमचे भाऊ, म्हणाले, "शिवा, कामाची वाटणी तू कर. मला काही सुधरून न्हाई राहिलं."

आता आमच्या गावात लग्नाच्या कामाची वाटणी कोणी करत नाही, ती झालेलीच असते. वरण संतरामचं. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाचं वरण त्यानेच केलंय. मानपान आमच्या थोरल्या बहिणीचा, गोजरबाईचा. कोणाला आधी टोपी, कोणाला आधी कुंकू, कोण कशावरून रुसेल, सगळं तिच्या डोक्यात. आणि कोठीत, म्हणजे बुंदी, पुऱ्या नि तेलाचे डबे ठेवलेल्या खोलीत, एक भरवशाचा माणूस किल्ली घेऊन बसतो. तो शेवटची पंगत उठेपर्यंत हलत नाही. हा सगळा कारभार अंदाजपंचे चाललेला पाहून मला गावाची कीव आली. मी त्या बारा प्रश्नांच्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या.

पहिलाच प्रश्न होता : घरात साप निघाला तर काय कराल? अ) मारीन. ब) पळून जाईन. क) दारात उभा राहून राखण करीन. ड) शांतपणे पाहत राहीन.

संतराम म्हणाला, "कोणता साप?"

"कोणताही."

"असं कसं? धामण असंल तर जाऊ देईन. नाग असंल तर..."

"संतराम, एकावर खूण कर!"

"किती लांब हाय, ते तरी सांगा ना!"

त्याची बेरीज 'भटक्या' निघाली. गोजरबाईने तर कागद हातातच धरला नाही. "घरात साप निघाल्यावर मी कागद भरत बसू व्हय? काहून रे, त्या कंपनीत तुला दुसरं काम न्हाई?" शेवटी तिच्या वतीने मीच खुणा केल्या. बेरीज केली आणि माझ्या अंगावर काटा आला. विदूषक!

राहता राहिले कोमलचे मामा, सेनगावचे व्यंकटराव. हे प्रकरण नाजूक होतं. कोमलच्या थोरल्या बहिणीच्या, पुजाच्या लग्नात बुंदीवरून काहीतरी झालं आणि मामा न जेवता निघून गेले. तेव्हापासून आठ वर्षं अमृतरावांशी बोलणं बंद. वहिनी दर राखीपौर्णिमेला देवळात जाऊन रडायच्या. यंदा गोजरबाई स्वतः पत्रिका घेऊन सेनगावला गेली, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "कोमलीच्या मागं उभा राहायला येतो. अक्षता पडल्या की निघतो. पाणी बी घेणार न्हाई."

मामांना कागद कसा द्यावा या विचारात मी होतो. कोमल दारात बसून माझं हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "काका, कोठी कोणाला देणार?"

"जो रखवालदार निघेल त्याला. सगळ्यात जास्त 'क' म्हणणारा तो रखवालदार!"

"द्या मग मामाचा कागद. मी फोनवर विचारून भरते."

संध्याकाळी तिने कागद आणून दिला. बाराच्या बारा 'क'! शिबिरातल्या सरांनाही इतका शुद्ध रखवालदार मिळाला नसेल. मी आनंदाने दोनदा बेरीज केली.

लग्नाच्या सकाळी मी प्रत्येकाच्या अंगावर साच्याची चिठ्ठी टाचली. 'मायाळू' निघालेल्या शेजारच्या धर्मसिंगांना वरणावर बसवलं. हे रिटायर कंपाउंडर, मुंगीलाही बाजूला होऊन वाट देतात. 'भटक्या' संतरामला फाट्यावर पाठवलं, वऱ्हाडाला घेऊन यायला. मानपान राजाकडे, म्हणजे माझ्याकडे घेतला. गोजरबाईला म्हटलं, "तू नुसतं पाहुण्यांत बस. हसून-खेळून." तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा पेटीत होता. चिठ्ठीवर 'नवरीची आत्या' लिहिलंय असं समजून ती मोठ्या रुबाबात बसली.

मामा जीपमधून उतरले, तसा मी किल्ली घेऊन पुढे झालो. रखवालदाराला जबाबदारी द्यावी आणि ती घरातल्या मोठ्या माणसाच्या नावाने द्यावी, असं वहीत लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "मामा, भाऊंनी सांगितलंय, कोठीची किल्ली तुमच्याच हातात द्यायची."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "दाजींनी? सोता?"

"सोता!"

"काय म्हणले, बराबर सांगा."

आता मी रंगात आलो. "म्हणले, यम आला तरी उठू नका आणि माझ्याशिवाय कोणालाच किल्ली देऊ नका!"

मामांनी किल्ली घेतली, खांद्यावरच्या उपरण्याने पुसली आणि थेट कोठीत जाऊन बसले. मी वहीत टिपलं : रखवालदार, अस्सल.

त्यानंतर जे काही झालं ते नेमकं कोणत्या क्रमाने झालं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. संतराम वऱ्हाडाला फाट्यावर सोडून एकटाच पळत आला. "माझं चित्तच लागून न्हाई राहिलं! डाळ शिजली का?" नवरदेव बिचारा लोकांना घर विचारत विचारत आला. धर्मसिंगांनी कोणाच्या पोटाला तकलीफ नको म्हणून वरणात तिखटही घातलं नव्हतं आणि मीठही. संतरामने चव घेतली आणि बाजूला जाऊन बसला, घरात कोणी गेल्यासारखा. तेवढ्यात नवरदेवाची आई गोजरबाईला म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या पदराला हे 'विदूषक' काहून लिहिलंय?"

"काय लिहिलंय?"

मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पळालो. आणि तिथेच भोंग्यावर भटजींचा आवाज आला, "मुलीचे मामा व्यंकटराव यांनी मुलीला घेऊन मंडपात यावं!"

बारा वीस झाले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरीच्या मागे मामा उभा राहतो हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि मी मामाला कोठीत बसवून यम आला तरी उठू नका म्हणून सांगून आलो होतो!

कोठीकडे धावलो. "मामा, चला! भोंग्यावर बोलवून राहिलेत!"

"उठू कसा? दाजींचा शब्द हाय."

"अहो, दाजीच म्हणतात चला!"

"मग दाजींना येऊ द्या किल्ली घ्यायला. त्यांच्याशिवाय कोणाला देऊ नका, असंच म्हणले ना?"

भाऊंनी असं काही म्हटलंच नाही हे सांगावं, तर मामा पुन्हा सेनगावला. भाऊंना सांगावं, तर मी कायमचा हिंगोलीला! भोंगा दुसऱ्यांदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला. सबंध मंडपाला कळलं की मामा येत नाहीत. कोणीतरी भाऊंना जाऊन सांगितलं, "मामा कोठीत बसलेत. दाजी आल्याशिवाय उठत न्हाई म्हणतात." झालं! मामा रुसले, असा निकाल लागला.

अमृतराव लालबुंद. "आठ वर्षांनी आला, तो बी माझं नाक घासून घ्यायला! मी न्हाई जात!" वहिनी पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मी वही उघडली. रखवालदार उठत नसल्यास काय करावे, ते पान सापडेना. त्या जागी मी शिबिरात एका समोशाचं चित्र काढलेलं होतं.

तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी धरलं. गोजरबाई! हातात विदूषकाची चिठ्ठी.

"हे मागून बघते. किल्ली त्याला कोणी देली?"

"मी."

"कोणाच्या नावानं?"

"...भाऊंच्या."

ती मला मारेल असं वाटलं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "पुजीच्या लग्नात काय झालं, ठावं हाय तुला?"

"मी तेव्हा फेटा बांधून घेत होतो."

"कोठीवर येंकटरावच होता. बुंदी कमी पडली, तर अमृतनं चार लोकांत त्याच्या हातातून किल्ली हिसकून घेतली. दुसऱ्या दिवशी बुंदीचं टोपलं पत्रावळींच्या ढिगामागं सापडलं. पण सेनगावला जाऊन सांगणार कोण?"

मला एकदम मामांनी ती किल्ली उपरण्याने पुसलेली आठवली. खरं सांगतो, लाज वाटली.

गोजरबाई थेट भाऊंपुढे गेली. "चल. त्यानं तुझी किल्ली सांभाळली हाय. घ्यायला चल." आणि सगळ्या मंडपादेखत त्यांना हाताला धरून कोठीच्या दारात आणून उभं केलं.

मामा उठले. हात पुढे केला. "दाजी, बघून घ्या. बुंदीचा दाणा हलला न्हाई."

भाऊंनी 'कसली किल्ली?' एवढं जरी विचारलं असतं, तरी खेळ खलास! त्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तेलाच्या डब्याकडे पाहिलं. भाऊंनी मामांची मूठ किल्लीसकट मिटली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. पोरीच्या मागं उभं ऱ्हावा, मंग परत या कोठीत. तवा माझं चुकलं, येंकटराव."

मामांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि किल्ली कनवटीला खोचून कोमलला आणायला गेले. अक्षता पडल्या तेव्हा बारा पन्नास झाले होते. मंडपातलं घड्याळ पुढे आहे, असं भटजींनी स्वतःच जाहीर केलं. शेवटच्या पंगतीला मामा भाऊंच्या शेजारी बसले आणि ते बिनतिखट, बिनमिठाचं वरण दोन वाट्या प्याले. वहिनी वाढत होत्या नि रडत होत्या, त्यामुळे थोडं मीठ मिळालं असावं.

पाठवणीच्या वेळी मी पुन्हा जुन्या तोऱ्यात आलो. कोमलच्या कानात म्हणालो, "बघितलंस? कागद म्हणाला रखवालदार, आणि निघाले की नाही बराबर रखवालदार!"

ती रडता रडता हसली. "काका, मी मामाला फोन केलाच न्हाई. सगळे 'क' मीच लिवले."

"काय?"

"पुजाताईच्या लग्नात मी बारा वर्षांची होते. कोठीच्या दारातच उभी होते."

"अगं, पण कागदावर असेल तेच मी करीन, हे तुला कसं कळलं?"

"त्याला कागद कशाला लागते, काका?" असं म्हणून ती माझ्या पाया पडली आणि जीपमध्ये बसली.

धुरळा खाली बसेपर्यंत मी फाट्याकडे बघत उभा राहिलो. मग खिशावरची 'राजा'ची चिठ्ठी काढली आणि मुकाट्याने संतरामसोबत वरणाचं पातेलं उचलू लागलो. पातेलं जड होतं, जवळजवळ भरलेलंच होतं.

चार पावलं गेल्यावर संतराम थांबला. "शिवाभाऊ, एक राहिलंच."

"काय?"

"तो साप किती लांब व्हता?"

मी पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पसरून दाखवलं.