सुवाढणीसारखं दुसरं काही नाही

वाढताना अंगठ्यावर गरम सूप सांडलं आणि मी संशोधक व्हायचं ठरवलं. (त्याआधी सतरा वर्षं मी जावक कारकून होतो. अजूनही आहे. का, ते कळेलच.)

पंधरा दिवसांत भांडं तयार झालं. लांबट गोल आकार, बोटं भाजू नयेत म्हणून रुंद, गुळगुळीत काठ, मागे धरायला मूठ, आणि पुढचा काठ ढालीसारखा उंच, म्हणजे सूप कितीही हिंदकळलं तरी वाढणाऱ्याच्या अंगावर येणार नाही. फायबरवाल्याकडे फिकट निळा रंगच शिल्लक होता, पण मला तोही शोभून दिसतोय असं वाटलं. नाव ठेवलं 'सुवाढणी'. बायकोनं ती उलटसुलट करून पाहिली.

"कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

थोर माणसांना घरातून असाच पाठिंबा मिळतो.

आता डिझाइनचं पेटंट घ्यायचं होतं, आणि तिथं सासऱ्यांशी गाठ होती. सासऱ्यांनी बत्तीस वर्षं डिझाइन नोंदणीच्या कचेरीत नव्या अर्जांतली चित्रं जुन्या चित्रांशी ताडून पाहण्यात घालवलेली. सवय इतकी जडलेली, की मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला आधी समोरून पाहिलं, मग उठून दोन्ही बाजूंनी. त्यानंतरच्या अकरा वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. पण या वेळी फोनवर ते म्हणाले, "आधी नीट शोध घ्या. तसलं दुसरं काही नसलं, तर रविवारी येऊन अर्ज मी माझ्या हातानं पुरा करून देईन."

माझ्यासाठी सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पेटंट आपलं निमित्त.

त्याच संध्याकाळी नोंदणीची वेबसाइट उघडली आणि शोधाच्या चौकटीत लिहिलं, 'सुवाढणी'. निकाल शून्य. मी खुर्चीतून उठून बायकोला बोलावलं.

"अहो, हे नाव तुम्ही कालच ठेवलंत ना?"

"हो."

"मग ते दुसऱ्या कुणाला कसं सुचेल?"

"तेच तर म्हणतोय. कुणालाच सुचलेलं नाही."

तिनं कपाळावर हात मारला. "मी शिंप्याकडे जाते तेव्हा गळ्याचं नाव सांगत बसत नाही, जुना ब्लाउज दाखवते. नावं सोडा, चित्रं बघा."

मी चित्रं पाहिली. 'घरगुती भांडी' या वर्गातली चाळीस. (नोंदी तीन हजार होत्या, पण शितावरून भाताची परीक्षा होतेच की.)

"बाकीचे वर्गही बघा," बायको म्हणाली.

"भांडं भांड्यांत नाही तर काय फर्निचरमध्ये सापडणार?" मी म्हणालो आणि कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी सासरे आले. मेव्हणी आली, तिची दीड वर्षाची मुलगी ठकीही आली. मी सुवाढणीतून सगळ्यांना दोनदोनदा सूप वाढलं. एक थेंब सांडला नाही. सासऱ्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि रिकामी सुवाढणी धुऊन आणायला सांगितली. मग ती समोरून पाहिली, डावीकडून, उजवीकडून, मागून, खालून.

"वर्ग कुठले पाहिलेत?"

"भांडी."

"आणि?"

"भांडी."

वरून पाहण्यासाठी त्यांनी सुवाढणी जमिनीवर ठेवली आणि उभे राहिले. कोपऱ्यात ठोकळे मांडत बसलेल्या ठकीनं मान वर केली. ठोकळे टाकून ती दुडुदुडु आली, चड्डी खाली सरकवली, पाठ फिरवली, सुवाढणीवर बेतानं बसली आणि पुढची ढाल दोन्ही हातांनी घट्ट धरली.

सासऱ्यांनी टेबलावरच्या आपल्या सुपाच्या वाटीकडे एकदा पाहिलं.

"आत्ता आठवलं कुठं पाहिलं होतं ते," बायको म्हणाली आणि तिनं फोन काढला. दोन मिनिटांत तिनं स्वच्छतागृहाच्या वस्तूंचा वर्ग उघडून चित्र समोर धरलं. लहान मुलांचं शौचाचं भांडं, नोंदणी चौदा वर्षांपूर्वीची. रुंद काठ, मागची मूठ, ढाल, सगळं जिथल्या तिथं.

"पण बाबा, त्याचं काम वेगळं आहे," मी शेवटची धडपड केली. "माझं जेवणाचं आहे."

"काम बदललं म्हणून आकार नवा होत नाही, जावईबापू." त्यांनी ठकीकडे बोट दाखवलं. "हिनं नाव विचारलं नाही, वर्ग पाहिला नाही. आकार पाहिला. शोध असा घेतात."

आणि मग त्यांनी खिशातून चक्क पेन काढलं. टोपणही काढलं. मी मुकाट्यानं अर्ज पुढे केला. बत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी समासात तिरपा शेरा मारला: 'अगोदरच वापरात.'

तेवढ्यात ठकी समाधानानं उठली. मी वाकून पाहिलं. शेरा अगदी बरोबर होता.